तालमीतील दुखापत कोणाच्या खात्यावर?

सोलापूरहून अक्कलकोटकडे जाणाऱ्या रस्त्यावर वीसएक किलोमीटरांवर वळसंग लागते. दक्षिण सोलापूर तालुक्याच्या या पट्ट्यात मराठी आणि कानडी या दोन्ही भाषा एकाच कट्ट्यावर बसून बोलल्या जातात. त्यामुळे ज्या जागेला एक जण तालीम म्हणतो, तिलाच दुसरा गरडी म्हणतो. नाव कोणतेही असो, आतील चित्र सारखेच असते. कोनाड्यात शेंदूर लावलेला मारुती, भिंतीला टेकवून ठेवलेल्या करेला आणि मुद्गल, मध्ये लाल मातीचा हौद आणि त्या मातीत उतरणारी दहा-बारा वर्षांपासून वीस-बावीस वर्षांपर्यंतची पोरे. सोलापूर शहरात तर तालीम ही केवळ व्यायामाची जागा राहिलेली नाही. पाणीवेस तालीम, पत्रा तालीम, थोरला मंगळवेढा तालीम ही नावे उत्सवांमुळे आणि मिरवणुकांमुळे ज्याने कधी लंगोट कसला नाही त्याच्याही तोंडी असतात. अशा जागेविषयी कायद्याच्या भाषेत बोलणे अनेकांना रुचणार नाही. तरीही ते बोलावयास हवे, कारण तालमीत हाड मोडते आणि मोडलेल्या हाडाला खर्च येतो.

समजा, अशा एका गावच्या तालमीत एखाद्या सायंकाळी चौदा वर्षांचा मुलगा त्याच्यापेक्षा पंधरा किलोंनी जड असलेल्या गड्याशी धरतो. डाव लागतो, मुलगा उलटा होऊन मानेवर पडतो आणि उठत नाही. पुढे काय घडते ते खेड्यात राहिलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. कोणी तेल चोळतो, कोणी मान 'सरळ' करावयास जातो, कोणी शेजारच्या गावच्या हाडवैद्याचे नाव काढतो. मानेच्या मणक्याला मार लागला असता मान न हलविता, फळीवर आडवे ठेवून माणूस हलवावयाचा असतो, ही साधी गोष्ट त्या घोळक्यात क्वचितच कोणाला ठाऊक असते. पहिल्या अर्ध्या तासात प्रेमापोटी केलेल्या ओढाताणीने अपघातापेक्षा मोठे नुकसान होऊ शकते. मग रुग्णालय, मग वर्गणी, आणि वर्गणी आटली की बापाच्या नावावरची जमीन. त्या सगळ्यात एक वाक्य मात्र सर्वांच्या तोंडी असते: मातीत पडणे-लागणे चालायचेच.

हे वाक्य अर्धे खरे आहे, आणि त्याच्या उरलेल्या अर्ध्या भागात या विषयाचे सगळे मर्म आहे.

जो कुस्ती धरतो तो खांदा निखळण्याची, गुडघा मुरगळण्याची, ओठ फुटण्याची शक्यता पत्करूनच मातीत उतरतो. इतकेच काय, क्वचित जिवावरही बेतते. २०१८ साली कोल्हापूर जिल्ह्यात पन्हाळा तालुक्यातील एका गावच्या मैदानात एका तरुण मल्लाच्या मानेला मार लागला आणि काही दिवसांनी रुग्णालयात त्याचा मृत्यू झाला. कुस्ती सरळ होती, प्रतिस्पर्ध्याने कपट केले नव्हते. साऱ्या जिल्ह्याने हळहळ व्यक्त केली आणि ती योग्यच होती. परंतु दोन मल्लांनी परस्परांविरुद्ध पत्करलेला धोका एक, आणि ज्या जागेत ते खेळतात ती जागा नीट न ठेवल्याने, जोड चुकीची लावल्याने, झिजलेला दोर न बदलल्याने निर्माण होणारा धोका अगदी निराळा. पहिला खेळाचा आहे. दुसरा कोणाच्या तरी हलगर्जीपणाचा आहे आणि तो कोणत्याही खेळाडूने पत्करलेला नसतो.

हा भेद परक्या कायद्याने शिकविण्याची गरज महाराष्ट्रातील तालमीला कधी पडली नाही. जुन्या वस्तादांनी तो रोजच्या शिस्तीत बांधून ठेवला होता. सराव सुरू होण्यापूर्वी हौदातील माती खणून वरखाली केली पाहिजे, हा नियम मातीवरील भक्तीपोटी आलेला नाही. न खणलेली माती फरशीसारखी घट्ट होते आणि तिच्यावर पडलेला गडी जायबंदी होतो, म्हणून तो आला. मातीत तेल, ताक, हळद, कापूर घालण्यामागे सुगंधाचा शौक थोडा आणि खरचटलेल्या कातडीची काळजी अधिक होती. नवा पोरगा आला की त्याला काही महिने जोर-बैठकांवर ठेवावयाचे, पडावे कसे हे आधी शिकवावयाचे, मगच हात धरू द्यावयाचे. हातातले कडे, कानातली बाळी, गळ्यातला ताईत बाहेर काढून ठेवावयाचा. नखे काढलेली हवीत. ज्याला ताप आहे किंवा अंगावर खरूज आहे त्याने त्या दिवशी माती शिवावयाची नाही. जोड लावताना वजन, वय आणि दम हे तिन्ही पाहावयाचे, आणि सराव चालू असताना वस्तादाने हौदाच्या कडेवरून हलावयाचे नाही. मल्लखांबालाही अशीच शिस्त. खांब पुरलेला पक्का आहे ना, एरंडेल हवे तेवढेच लावले आहे ना, दोरीच्या मल्लखांबाचा पीळ कोठे उसवला नाही ना, हे रोज पाहिल्याशिवाय मुलाला वर चढू द्यावयाचे नाही. न्यायालये ज्या गोष्टीला 'वाजवी काळजी' असे नाव देतात ती ही. फरक एवढाच की तालमीत ती कोठे लिहून ठेवली जात नसे. वस्तादाच्या एका हुंकारात ती सारी सामावलेली असे.

ही शिस्त जेथे टिकली आहे तेथे प्रश्न फारसा उद्भवत नाही. प्रश्न उद्भवतो तो तालमीच्या जागी पत्र्याची शेड आली, मातीच्या जागी लोखंडी यंत्रे आली आणि वस्तादाची जागा रिकामी राहिली तेथे. शेडची किल्ली कोणा एका पोराकडे असते. बारच्या टोकाला प्लेटा सरकू नयेत म्हणून लावावयाची कडी पहिल्या वर्षातच हरवलेली असते. छातीवर वजन घेणाऱ्या मुलामागे उभे राहावयास कोणी नसते, आणि उभा असला तरी तो भ्रमणध्वनीवर चित्रफीत काढीत असतो. वजनाचा धोका किती असतो हे राजस्थानात बिकानेर येथे २०२५ च्या फेब्रुवारीत दिसले. सतरा वर्षांची, राष्ट्रीय स्तरावर सुवर्णपदक मिळविलेली पॉवरलिफ्टिंगची खेळाडू सराव करीत असता २७० किलोंचा भार तिच्या मानेवर आला आणि ती दगावली. तेथे प्रशिक्षक शेजारी उभा होता. कुटुंबाने पोलिसांत तक्रार दिली नाही, असे त्या वेळच्या वृत्तांत म्हटले होते. जेथे प्रशिक्षक हजर असताना असे होऊ शकते, तेथे किल्ली पोराकडे असलेल्या शेडविषयी अधिक सांगणे नको.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू जाता एक चमत्कारिक योगायोग दृष्टीस पडतो. १८६० च्या भारतीय दंड संहितेत संमतीविषयी जे कलम होते, त्यातील उदाहरणच मुळी शस्त्रविद्येच्या सरावाचे होते. दोघे जण करमणुकीखातर पट्ट्याचे हात खेळावयास कबूल झाले, तर कपट न करता खेळताना होणारी इजा दोघांनीही मान्य केली असे समजावयाचे, आणि अशी इजा करणारा गुन्हेगार ठरत नाही. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. कलमाचा क्रमांक ८७ चा २५ झाला, पण तत्त्व तेच राहिले. मेकॉलेच्या मनात विलायती तलवारबाजी असेल. लागू पडते ते आपल्या आखाड्याला तंतोतंत. मात्र त्या कलमात एक अट आहे आणि तिच्याकडे तालमीच्या कोणत्याही पंचाचे लक्ष गेलेले दिसत नाही. संमती देणाऱ्याचे वय अठराहून अधिक असले पाहिजे.

तालमीत सायंकाळी जमलेल्या पोरांची वये मोजून पाहावीत. त्यांतील बहुतेकांची संमती कायद्याच्या दृष्टीने संमतीच नव्हे. याचा अर्थ समोरचा पोरगा गुन्हेगार ठरतो असा मुळीच नाही. कायदेशीर कृत्य योग्य रीतीने आणि योग्य ती काळजी घेऊन करताना अपघात झाला तर तो गुन्हा नव्हे, हे संहितेच्या १८ व्या कलमाने स्पष्ट केले आहे. परंतु मग बचावाचा सारा भार त्या 'योग्य ती काळजी' या तीन शब्दांवर येऊन पडतो. प्रौढ मल्लाच्या बाबतीत 'त्याने आपखुशीने धरली' असे म्हणता येते. चौदा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत माती खणली होती का, जोड कोणी लावली, कडेला कोण उभे होते, हेच विचारले जाणार. उत्तर समाधानकारक नसेल तर निष्काळजीपणाने इजा किंवा मृत्यू घडविल्याची कलमे, १२५ आणि १०६, वस्तादाच्या आणि चालकांच्या दारात येऊन उभी राहू शकतात.

शहरातील पैसे घेणाऱ्या व्यायामशाळांनी यावर आपल्या परीने एक तोड काढली आहे. प्रवेशाच्या वेळी एक छापील अर्ज पुढे केला जातो. 'होणाऱ्या कोणत्याही दुखापतीस संस्था जबाबदार राहणार नाही' अशी ओळ त्यात बारीक अक्षरांत असते. सही करणारा ती वाचत नाही आणि वाचली तरी ती खोडण्याची मुभा त्याला नसते. सही करणारा अज्ञान असेल तर त्या कागदाची किंमत शून्य. अज्ञानाशी केलेला करार मुळातच रद्दबातल, हे प्रिव्ही कौन्सिलने १९०३ साली मोहोरी बीबीच्या खटल्यात ठरविले आणि तेव्हापासून ते बदललेले नाही. सही करणारा सज्ञान असला तरी ती ओळ म्हणजे अभेद्य कवच नव्हे. असमान शक्तीच्या दोन पक्षांतील जुलमी अट न्यायालय उचलून धरणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये ब्रजोनाथ गांगुली यांच्या खटल्यात म्हटले. २०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमात तर 'अनुचित करार' अशी स्वतंत्र व्याख्याच आली. इंग्लंडने १९७७ सालीच कायदा करून, व्यावसायिकाला स्वतःच्या निष्काळजीपणाने झालेल्या मृत्यूची वा शारीरिक इजेची जबाबदारी कागदाने झटकता येणार नाही, असे ठरवून टाकले. आपल्याकडे इतक्या स्वच्छ शब्दांत ते अद्याप लिहिले गेलेले नाही.

येथे गावच्या तालमीची आणि शहरातील व्यायामशाळेची वाट फुटते. महिन्याची फी भरणारा माणूस ग्राहक ठरतो. त्याला जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. भरलेली फी पाच लाखांच्या आत असल्यामुळे तक्रारीला शुल्क पडत नाही, आणि दोन वर्षांची मुदत असते. तालमीत फी नसते. दसऱ्याला नारळ आणि वस्तादाला फेटा, एवढाच काय तो व्यवहार. विनामूल्य सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत येत नाही, म्हणून तालमीतील मुलाच्या बापाला दिवाणी न्यायालयाची पायरी चढावी लागते, वकील द्यावा लागतो आणि वर्षे मोजावी लागतात. ज्याच्याकडे पैसा आहे त्याला सोपी वाट आणि ज्याच्याकडे नाही त्याला अवघड, असा हा उफराटा न्याय आहे. मोफत शिकविले म्हणून काळजी घेण्याचे कर्तव्य मात्र संपत नाही. ते कायम राहते. ते बजावून घेणे तेवढे दुर्घट होते.

पण वसूल करावयाचे कोणाकडून? पहाटे चारला उठून, स्वतःच्या घरचे दूध पोरांना पाजून, आयुष्यभर एक पैसा न घेता शिकविणाऱ्या वस्तादाला न्यायालयात उभे करावे असे त्या जखमी मुलाच्या बापालाही वाटत नाही आणि वाटू नये. जबाबदारी व्यक्तीची नव्हे, संस्थेची असावयास हवी. बियास नदीवर सहलीला नेलेली चौदा शाळकरी मुले १९९५ साली बुडाली. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये शिक्षकांच्या निष्काळजीपणाचा बोजा शाळेवर टाकला आणि प्रत्येक मुलामागे पाच लाखांची भरपाई कायम केली. मुले ज्याच्या हाती सोपविली त्या संस्थेने आईबापाइतकी सावधगिरी बाळगावी, ही त्यामागील अपेक्षा. तालमीही बहुधा कोणत्या ना कोणत्या न्यासाच्या किंवा मंडळाच्या नावाने नोंदलेल्या असतात. अध्यक्ष, कार्याध्यक्ष, खजिनदार यांची नावे फलकावर ठळक रंगविलेली असतात. मिरवणुकीच्या वेळी पुढे चालणारे हे पदाधिकारी दुखापतीच्या वेळी मागे का सरकावेत?

आणि शासन? जिल्हा क्रीडा कार्यालयामार्फत व्यायामशाळांना इमारतीसाठी आणि साहित्यासाठी अनुदान मिळते. बागेत, मैदानाच्या कडेला, ग्रामपंचायतीच्या मोकळ्या जागेत खुल्या व्यायामशाळा उभ्या राहिल्या आहेत. उद्घाटनाचा फलक संगमरवरी असतो आणि त्याच्या शेजारच्या यंत्राचा बोल्ट दुसऱ्या पावसाळ्यात गंजतो. तो बोल्ट कोणी बदलावयाचा, हे ना फलकावर लिहिलेले असते ना कोणाच्या दप्तरात. दिल्लीच्या चांदणी चौकातील घड्याळाचा मनोरा १९५१ साली कोसळून माणसे मेली, तेव्हा नगरपालिकेने दोष दिसण्याजोगा नव्हता असे म्हणून पाहिले. १९६६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो बचाव नाकारला. जी वास्तू लोकांच्या वाटेवर उभी आहे तिची वेळोवेळी तपासणी करणे हे मालकाचे कर्तव्य, आणि न दिसलेला दोष हे कर्तव्य चुकविण्याचे निमित्त होऊ शकत नाही. मनोऱ्याला जे लागू तेच बागेतील झुलत्या यंत्राला लागू पडावयास हरकत नसावी.

दहीहंडीच्या बाबतीत याच राज्याने काही पावले उचलली आहेत. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अठरा वर्षांखालील गोविंदांना मनाई करून थरांची उंची वीस फुटांवर आणली. बरीच ओढाताण होऊन २०१७ मध्ये उंचीचा निर्णय शासनावर सोपविला गेला आणि चौदा वर्षांखालील मुलांना वर चढवावयाचे नाही एवढे राहिले. २०२२ मध्ये दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा देण्याचे जाहीर झाले, मृत गोविंदाच्या वारसास दहा लाखांची मदत जाहीर झाली, आणि पुढे गोविंदांचे विमे उतरविले गेले. हे स्वागतार्हच आहे. परंतु गोविंदा वर्षातून एक दिवस चढतो. तालमीतील मुलगा वर्षाचे तीनशे दिवस मातीत उतरतो. वीस रुपयांत दोन लाखांचे संरक्षण देणारी पंतप्रधान सुरक्षा विमा योजना बँकेत खाते असलेल्या कोणालाही घेता येते, पण तिचेही दार अठराव्या वर्षी उघडते. संमती देण्याचे वय अठरा, करार करण्याचे वय अठरा, स्वस्त विम्याचे वय अठरा; मान मोडण्यास मात्र वयाची अट नाही.

यावर एक आक्षेप येतो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. कायद्याचा बडगा दाखवाल तर उद्या कोणी वस्ताद मुलांना हात लावणार नाही, तालमींना कुलपे लागतील आणि पोरे पानाच्या टपरीवर उभी राहतील, असे म्हणतात. भीती खोटी नाही. म्हणूनच वस्तादाच्या डोक्यावरचे ओझे काढून ते संस्थेच्या आणि अनुदानाच्या खात्यावर टाकले पाहिजे. अनुदान देताना यंत्रांच्या संख्येबरोबर मुलांच्या सामूहिक अपघात विम्याची अट घातली, तर हप्त्याची रक्कम एका यंत्राच्या किमतीच्या आसपासही जाणार नाही. एक फळी, मानेचा एक पट्टा, मुलांची नावे, वये आणि वजने लिहिलेली एक वही, आणि दर वर्षी एकदा आरोग्य केंद्राच्या डॉक्टरने वस्तादाला व चार मोठ्या मुलांना जखमी उचलावा कसा हे दाखविणे, याला ना मोठा निधी लागतो ना नवा कायदा. ज्या तालमीला दसऱ्याला मांडव घालता येतो तिला हे जड नाही.

एका गोष्टीत मात्र ना विमा कामी येतो ना न्यायालय. वळसंगसारख्या गावातून निघालेली एकशे आठची रुग्णवाहिका सोलापूरच्या सिव्हिल हॉस्पिटलात पोहोचते, तेव्हा आत पहिला प्रश्न विचारला जातो: कसे लागले? रुग्णवाहिकेत मुलाबरोबर बसलेला चुलता क्षणभर घुटमळतो. तालमीचे नाव घेतले तर पोलिसांत नोंद होईल, वस्तादाला ठाण्यात बोलावतील, गावात तोंड दाखवावयास जागा राहणार नाही, हे सारे त्या क्षणात त्याच्या मनात येऊन जाते. 'माळवदावरून पडला' असे तो सांगतो. डॉक्टर ते तसेच केसपेपरवर लिहितात. पुढे कधी विमा कंपनीने, धर्मादाय कार्यालयाने किंवा न्यायाधीशाने कागद मागितला, तर त्यांच्या हाती येणार तो हाच केसपेपर.